सहातले दोन चेंबर

ह्यूस्टन, रविवार रात्र

बंड्या लेका,

शुगर आहे तिथेच आहे, हिचा गुडघा कुरकुरतोय, बाकी ठीक. फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग आपण ऊसदरावर जातो. म्हणून लिहितोय.

शेवटी रिव्हॉल्व्हर घेतलं. हसून घे एकदा. एनसीसीत नेमबाजीत तुझा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, माझ्यापेक्षा लहान आला होता हे तू पंचवीस वर्षं ऐकवतोयस, त्यावर काहीतरी इलाज हवाच होता. व्हिसावर होतो तोवर विकत घ्यायची पंचाईत होती. ग्रीन कार्ड आलं, दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, एफबीआयची तपासणी मला कॉफी संपवायच्या आत झाली. सहा बारी, चार इंची बॅरल, पॉइंट ३५७ मॅग्नम. किंमत सांगत नाही, तू रुपयांत करून आईला सांगशील. ही आठवडाभर बोलली नाही, ते वेगळं.

इथे गावाबाहेर उघडी रेंज आहे, शेजारी शेजारी बाकं मांडलेली. मी झाडत होतो आणि पलीकडच्या म्हाताऱ्यानं गालाला हात लावला. बोटाला रक्त. माझ्या सिलिंडर आणि बॅरलच्या फटीतून शिशाचा कपचा उडून त्याला लागला होता. डोळ्यावर चष्मा होता म्हणून बरं. मी गारठलोच. तो मात्र शांतपणे म्हणाला, “तुझं टायमिंग गेलंय पोरा, नवीन दिसतंय तरी.” आणि परत आपला नेम धरायला लागला.

घरी येऊन रिकामं केलं, दोनदा बघितलं, डमी काडतुसं घातली आणि घोडा अंगठ्यानं हळूहळू मागे ओढला. तुला वेगळं सांगायला नको: पॉल (ढकलणारा छोटा दांडा) रॅचेटचा, म्हणजे सिलिंडरमागच्या दातेरी चकतीचा, दात ढकलतो, सिलिंडर फिरतो, खालून खटका खाचेत बसतो आणि चेंबर, म्हणजे काडतुसाचं भोक, बॅरलसमोर येऊन थांबतो. घोडा पूर्ण मागे जायच्या आत हे व्हायला पाहिजे. चार चेंबरना होतं. दोन चेंबरना घोडा मागे जाऊन थांबतो, सिलिंडर मात्र केसभर मागे. बोटानं ढकललं की टक्. म्हणजे गोळी बॅरलच्या तोंडाला तिरकी आपटणार, कड तासली जाणार, आणि ती तासलेली कड शेजारच्याच्या गालात. मॅग्नमच्या काडतुसाला कमाल दाब ३५,००० पीएसआय असतो रे, हा काय पिचकारीचा खेळ आहे? फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातलं तर फट ११ थाऊ, म्हणजे इंचाचे ११ हजारांश. चांगल्या कामाला ४ ते ८ असते. वर पुढची माशी डावीकडे कललेली, कारण बॅरलच जास्त पिळून बसवलाय. आणि खोक्यात तपासणीची चिठ्ठी, सही सकट!

कारखान्यानं कुरिअरचं लेबल पाठवलं, तक्रार नाही. दुरुस्त होऊन ते थेट घरी येतं, दुकानातून परत कागद करावे लागत नाहीत. आलं. बॅरल सरळ केलाय, फट ६ वर आणलीय, आणि पॉल नवा, थोडा लांब घातलाय. आता ते दोन चेंबर बरोबर बसतात आणि उरलेले चार जड झालेत; खटका बसला तरी पॉल ढकलतोच, ट्रिगर दगडासारखा. सोबत चिठ्ठी, “मर्यादेत आहे.” अरे, दोष पॉलमध्ये असता तर सहाही चेंबर सारखेच मागे राहिले असते की नाही? दोनच राहतात म्हणजे रॅचेटचे दात असमान कापलेत. ते दात असलेला ताराच (ताऱ्याच्या आकाराचा भाग) बदलायला हवा. बरोबर ना? इथे हे ज्याला सांगावं तो म्हणतो, “दुसरं घे.”

संतापून कायदा वाचला. अमेरिकेत इस्त्री, पाळणा, टोस्टर बाजारातून मागे घ्यायला लावणारा ग्राहक सुरक्षा आयोग आहे. त्याचा कायदा १९७२ चा, आणि त्यातून बंदुका पहिल्यापासून वगळल्यात. मुलांच्या छर्ऱ्याच्या बंदुकीवर आयोगाचा अधिकार चालतो, माझ्या रिव्हॉल्व्हरवर नाही! कंपनीनं आपणहून परत मागवलं तर मागवलं. कोर्टाचा रस्ता आहे म्हणतात, पण गालावरच्या ओरखड्यासाठी? तुमच्या आजोबांच्या दुनळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के होते, आठवतं? आपण ते नखानं चाचपायचो. जास्तीच्या दाबाचा बार काढून टिकली तरच तो शिक्का. ते घर १८१३ पासून चालू आहे. इथे असा सक्तीचा शिक्काच नाही. (दुनळी अजून दर निवडणुकीला ठाण्यात जमा करतोस का? परत येताना तीच येते ना?)

ही म्हणते, विकून टाक आणि विषय संपव. दुकानदार घ्यायला तयार आहे, निम्म्याच्या जरा वर देतो आणि एक अक्षर विचारत नाही. तिथंच गाडी अडलीय. तो ते काचेत ठेवणार. उद्या कुणी एकटी बाई घरात असावं म्हणून घेईल, बिछान्याशेजारी ठेवेल, आणि रात्री गरज पडली तेव्हा ट्रिगर अडकेल. मी सांगितलं तर तो घेणार नाही, नाही सांगितलं तर मला झोप नाही. तू काय म्हणशील मला माहीत आहे. फिटिंग शॉपमध्ये व्ही जोडाची फट हातोडीनं ठोकून बुजवून माझ्यापेक्षा चार मार्क जास्त घेणारा माणूस तू! सरांनी उजेडाकडे धरून बघितलं असतं तर तिथेच तुझा निकाल लागला असता. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची वसुली अजून बाकी आहे.

तर सध्या दुसरं पत्र कारखान्याला तयार केलंय. सहाही चेंबरची मापं, फोटो, आणि मागणी सरळ: तारा बदला, नाहीतर त्याच जातीचं दुसरं द्या. नाही ऐकलं तर गनस्मिथकडे स्वतःच्या पैशानं. विकणार नाही, एवढं ठरलंय. हिला अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या सीएनसीचं कर्ज मंजूर झालं का? लेकीचं कुठवर आलं? मुलगा पुण्याचा असला तरी हरकत घेऊ नकोस. आप्पांना नमस्कार. उद्यमनगरात पाणी शिरलं होतं असं ऐकलं, मशीनं वाचली असतील अशी आशा.

चेंबरवार व्हिडिओ वेगळा पाठवतोय. चौथ्या आणि पाचव्याचा दात नीट बघ, आणि कारखान्याला पाठवायच्या आत मला सांग. नुसता अंगठा पाठवलास तर व्ही जोडाची गोष्ट तुझ्या कामगारांना सांगेन.

तुझा,
बाळू