माणशी ९० लिटर

डार्मश्टाट (जर्मनी),
१८ जानेवारी

ती. आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते आणि गोडा मसाला अजून शिल्लक आहे, तेव्हा काळजी नसावी. फोनवर ऐकू आलेला खोकला थंडीने झालेला नव्हता. इथे बाहेर पाणी गोठलेले असतानाही लोक सकाळ-संध्याकाळ घरातील सगळ्या खिडक्या सताड उघडतात, पाच-दहा मिनिटे आरपार वारा खेळू देतात आणि पुन्हा घट्ट लावतात. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि पुष्कळदा ते भाडेकरारातही लिहिलेले असते. एवढ्या वेळात हवा बदलते, पण भिंती गार पडत नाहीत. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली, तर मात्र भिंती थंड होतात आणि श्वासाची, स्वयंपाकाची वाफ त्यांच्यावर बसून बुरशी धरते. मी सुरुवातीला खिडक्या उघडतच नव्हते, म्हणून पलंगामागे तळहाताएवढा काळा डाग उमटला. तो खरवडताना खोकला लागला होता, आता पूर्ण थांबला आहे.

याच गावात १९९१ साली पहिले पॅसिव्ह हाउस उभे राहिले. अशा घराला ऊब राखण्यासाठी वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ किलोवॉट-तासांपेक्षा जास्त ऊर्जा लागू नये, असा दंडक आहे. मी मात्र माझ्या वास्तुरचनेच्या प्रकल्पाचे ध्येय ‘पाणी वाचवणारी, पर्यावरणपूरक वास्तू’ असे लिहून दिले होते. मार्गदर्शक बाईंनी विचारले, ‘किती पाणी, कशाच्या तुलनेत, आणि ध्येय चुकले तर ते कळणार कसे?’ मला उत्तर देता आले नाही.

बाबा, प्रकल्पासाठी आपापल्या गावातील जागा निवडण्याची मुभा होती, म्हणून मी पंचवटीतील आपला वाडाच निवडला आहे. तिथे उबेचा आकडा काय कामाचा? एप्रिलमध्ये माजघर एसीशिवाय राहण्याजोगे असावे, हे तिथले खरे ध्येय. पाण्यासाठी आपल्याकडे शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. आजीची घंगाळ-तांब्याची आंघोळ आठवून मी ९० लिटर ठरवले. १८० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला ८० टक्के हाती लागेल असे धरले, तर ८६,४०० लिटर मिळतात, म्हणजे सहा माणसांना १६० दिवस पुरेल इतके. पण एवढी टाकी चौकाखाली मावणार नाही, म्हणून ३०,००० लिटरवर थांबले. त्यात जेमतेम ५५ दिवस निघतात आणि हे मी आराखड्यावर स्पष्ट लिहिले आहे.

तिसरे ध्येय तुमच्या हाती आहे. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते आणि त्यातूनच पुष्कळ कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उलट आपल्या सागवानी तुळया घडून कधीच्याच झाल्या आहेत. त्यातले निदान ७० टक्के लाकूड पुन्हा वापरायचे, असे मी लिहून दिले आहे. मागच्या पडवीचे जुने लाकूड विकत घेणारे येऊन गेले, असे आई म्हणाली. दादाने प्रत्येक तुळईची लांबी-जाडी मोजून वाळवी कुठे लागली ते कळवेपर्यंत कृपया व्यवहार करू नये. इथे उबेत बसून तुम्हाला गळक्या छपराखाली थांबायला सांगते आहे, याची मला जाणीव आहे.

कर्जाच्या हप्त्यासाठी २०० युरो पाठवले आहेत; ते ग्रंथालयातील कामाचे आहेत, पोटाला चिमटा काढून वाचवलेले नाहीत. आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मी असायला हवे होते. आई, नाशिकरोडच्या स्थळाला मी नाही म्हटलेले नाही. जुलैत अंतिम सादरीकरण आहे, तोवर त्यांना थांबवता आले तर पाहा; आणि थांबणार नसतील, तर तू त्यांच्यापुढे अवघडून बसू नकोस, मी स्वतः फोन करीन. तुळयांची मापे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवी आहेत.

आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची,
मुक्ता