सिबिल ‘दुरुस्ती’चे दुकान

‘सिबिल खराब? सात दिवसांत ७५० करून देऊ!’ अशा जाहिराती हल्ली रिक्षांच्या पाठीवर आणि विजेच्या खांबांवर सर्रास दिसतात. सिबिल म्हणजे त्याच नावाच्या कंपनीने कर्जफेडीच्या नोंदींवरून दिलेला गुणांक; कर्ज देताना बँका तो पाहतात. आधी ‘फाइल चार्ज’ म्हणून काही हजार रुपये, मग पॅनकार्डाची झेरॉक्स आणि शेवटी मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा मागतात. चार्ज बुडाला तर बुडाला. पण पॅन आणि ओटीपी परक्याच्या हाती गेले की आपल्या नावावर भलतेच कर्ज निघू शकते.

थकवलेल्या हप्त्याची खरी नोंद कोणताही एजंट पुसू शकत नाही. नोंद चुकीची असेल, तर ती फुकटात दुरुस्त होते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा त्या नोंदींचा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. बँका तो आपल्या शाखांत मराठीत, ठळक अक्षरांत का लावत नाहीत? विमा आणि म्युच्युअल फंडाच्या फलकांना भिंतीवर बरी जागा सापडते!

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली