शाळेजवळची हापशी आणि ताईंची वही

ताई, सादर नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव नाही आणि गावाचंही नाही. ती अट तुमचीच, तिचं कारण पुढे येईलच. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, तिथली अंगणवाडी आणि तिथल्या सेविकाताई, एवढी ओळख पुरे. आम्ही नागपूरच्या एका कॉलेजातली रसायनशास्त्राची मुलं-मुली, पाण्यातल्या फ्लोराइडचा प्रकल्प घेऊन तुमच्याकडे आलो होतो. आभार तोंडावर मानले असते तर ‘बसा, चहा घ्या’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्यापाशी तेव्हा विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेसाठी केलेलं पोस्टर होतं. बोअरची खोली आणि फ्लोराइड यांचा आलेख, जमिनीखालच्या खडकाचा नकाशा, फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचं कॅलिब्रेशन. ते परीक्षकांसाठी होतं आणि त्या कामापुरतं चांगलंच होतं. तुम्ही ते वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलंत आणि मग कपाटातून स्वतःची वही काढलीत.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण आणि किट देतात. त्या पाचांतल्या तुम्ही एक. तुमच्या वहीत हापशांना नंबर नव्हते, नावं होती: मारुतीजवळची, शाळेजवळची, वावराच्या वाटेवरची. पुढे तारीख आणि किटमध्ये आलेला रंग. फ्लोराइड वाढलं की गुलाबी द्रावण पिवळ्याकडे झुकतं. शाळेजवळच्या हापशीपुढे ‘पिवळा’ हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता. आमच्या इलेक्ट्रोडने नंतर आकडा दिला, पण गोष्ट तुमच्या वहीत आधीच होती.

त्याच वहीच्या मागच्या बाजूला तुम्ही आणखी एक टिपण ठेवलं होतं, आणि आमच्या मते अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. इथंच लहानाच्या मोठ्या झालेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. लग्न होऊन बाहेरगावाहून आलेल्या सुनांचे दात मात्र स्वच्छ, पाणी त्याच हापशीचं असूनही. दाताचं वरचं कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतं. त्या वयात जादा फ्लोराइड पोटात गेलं तर डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. नंतर गावात आलेल्या बाईचे दात वाचतात, पण वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर हाडं आणि सांधे वाचतीलच असं नाही. ‘आपल्याला हे पाणी बाधत नाही’ असं सुनांना वाटत होतं, त्याचं उत्तर तुमच्या टिपणातच होतं. सभेत आम्ही आलेख लावलाच नाही. तुमचं टिपण वाचून दाखवलं, आणि बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

पण सभा व्हायच्या आधी तुम्ही आम्हाला अडवलंत, खरे आभार त्याचे आहेत. निकाल हातात आला होता. शाळेजवळच्या हापशीचं फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर होतं. भारतीय मानकाप्रमाणे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५. आम्ही लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊनच आलो होतो, हापशीवर फुली मारायला. तुम्ही म्हणालात, ‘पोरंहो, पानी खराब हाय म्हनून तुमी सांगून जासान निंघून. उद्या सक्काळी आमी प्याव कोनतं?’

यावर आमच्यात भांडण झालं होतं, ते तुम्हाला आज सांगायला हरकत नाही. निम्म्यांचं म्हणणं, माहिती लोकांच्या हक्काची आहे, ती दाबून ठेवणारे आपण कोण? मुलं रोज तेच पाणी पितायत. उरलेल्यांना तुमचं पटलं. शेवटी निर्णय विषानेच केला: पाण्यात पटकीचे जंतू असते तर एक तासही थांबणं चुकीचं ठरलं असतं, पण फ्लोराइडचं दुखणं वर्षानुवर्षं साठत जातं. आठवडाभर थांबून सोबत उपाय देता येत असेल तर थांबावं. निकाल कधी सांगायचा याचं गणित प्रत्येक घटकाला वेगळं असतं, हे आम्हाला कुठल्याही तासाला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या आठवड्यात तुम्ही जलसुरक्षकाला आमच्याबरोबर पाठवलंत आणि आम्ही गावातल्या उरलेल्या सगळ्या पाण्याचे नमुने घेतले. (काचेची बाटली घेऊन आलेल्या आजोबांना तुम्हीच परत पाठवलंत, कारण फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा हे तुम्हाला किटच्या शिक्षणापासून पाठ होतं.) जुन्या विहिरीचं पाणी मर्यादेच्या आत निघालं. उथळ पाण्याचा खडकाशी संबंध कमी येतो, खोल बोअरचं पाणी मात्र दगडात दीर्घकाळ मुरून त्यातलं फ्लोराइड घेऊन वर येतं. म्हणजे ‘बोअर खोल तेवढं पाणी शुद्ध’ हा समज इथे उलटा पडत होता. विहिरीचा गाळ काढायचा, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, आणि मगच सभा. क्रमही तुम्हीच लावलात: आधी ज्या घरांना ती हापशी लागते ती घरं, एकेक करून, मग सरपंच आणि ग्रामसेवक, गावसभा सगळ्यात शेवटी. आपल्या घरातल्या पाण्याची बातमी कोणाला चारचौघांत पहिल्यांदा कळू नये, एवढंच तुमचं म्हणणं होतं.

सभेतल्या प्रश्नांची तयारीही तुम्ही आदल्या रात्री करून घेतलीत. लोक काय विचारतील ते तुम्ही विचारायचं, आम्ही उत्तर द्यायचं. टीसीएल टाकल्यावर पाणी चांगलंच ना? त्याने जंतू मरतात, फ्लोराइडला काही होत नाही. उकळलं तर? पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाटच होतं. अंघोळ, धुणंभांडी? खुशाल करा. दात बघून पोराला वेगळं बसवायचं का? हा लागणारा रोग नाही. तुरटी? इथे आम्ही चाचरलो, कारण तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत खरी आहे, आणि ती आमच्याच नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली आहे. पण हंड्यात तुरटीचा खडा फिरवणं म्हणजे ती पद्धत नव्हे. त्यात तुरटीचं माप पाण्याच्या तपासणीवरून ठरतं, ढवळून निवळू द्यायचं आणि तळाचा साका फेकायचा असतो. तुम्ही म्हणालात, तुरटीचं नाव आपण होऊन काढू नका, कोणी काढलं तर पूर्ण सांगा. अर्धं सांगितलं तर उद्या घरोघरी खडा फिरेल आणि हापशी चालूच राहील. गुरांचं काय, हे मात्र आम्हाला येत नव्हतं. तिथे तुम्ही ‘विचारून सांगतो म्हणा’ असं बजावलंत, आणि पशुवैद्यकीयच्या मित्राला विचारून आम्ही पुढच्या खेपेला सांगितलं: गुरांनाही बाधतं, तीही शक्यतो विहिरीवर न्या.

आता नावाचं. सभेनंतर एका वार्ताहराला मुलींच्या दातांचा फोटो हवा होता. फोटोने बातमी मोठी झाली असती, कदाचित टँकरही लवकर आला असता, आणि आमच्या प्रकल्पाला तर सोन्याचे दिवस आले असते. तुम्ही नाही म्हणालात. गावाचं नाव आणि दात एकत्र छापून आले की या पोरींच्या सोयरिकी मोडतील, एवढंच कारण दिलंत. आमच्यातल्या एकीने मग दाताचं चित्र काढून दिलं आणि बातमीत ‘तालुक्यातील एका गावात’ असं आलं. चित्र थोडं बटाट्यासारखं दिसत होतं हे मान्य. पण आमच्या अहवालातही आता गावांना अक्षरं आहेत, आणि प्रत्येक गावाचा निकाल नावासकट आधी त्या गावाला दिलेला आहे.

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात आटतं, हापशीचा आकडा पावसाळ्यानंतर बदलतो, म्हणून एका मोसमाच्या आकड्यावर विसंबू नका असं तुम्हीच बजावलं होतं. आम्ही दोन्ही मोसमांत येऊन गेलो. यंदा आमची पदवी पूर्ण होतेय, त्यामुळे दिवाळीनंतर नवी मुलं येतील. पाठ करून आलेली असतील, घाईत असतील. आम्हाला अडवलंत तसंच त्यांनाही नुसता निकाल सांगून जाऊ देऊ नका: आकडा तुमच्या वहीत हापशीच्या नावापुढे लिहून घ्या आणि खाली सही घेतल्याशिवाय एसटी पकडू देऊ नका.

तुमची,
नागपूरची पाणीवाली पोरं