हळदीच्या साबणात हळद उरते किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की पुण्यात दर शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या कार्यालयात प्रदर्शन असतंच आणि त्यात 'शंभर टक्के नॅचरल, केमिकल फ्री' साबणाची टेबलं पण असतातच. मी स्वतः घरी साबण करते, थोडाफार विकतेही, त्यामुळे कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये, पण हे केमिकल फ्री आता अती झालंय. कॉस्टिक सोड्याशिवाय, म्हणजे तीव्र क्षाराशिवाय, तेलाचा असा घट्ट साबण होतच नाही हो! तेल आणि कॉस्टिक मिळून साबण आणि ग्लिसरीन होतं, मापं बरोबर असली तर शेवटी कॉस्टिक उरत नाही, मग यात लपवायचंय काय? आणि रेडीमेड सोप बेस, म्हणजे आधीच तयार असलेला साबण, वितळवून त्यात चमचाभर कडुनिंबाची पावडर ढवळायची आणि वर 'आजीच्या बटव्यातला' असं लिहायचं, त्याबद्दल तर न बोललेलंच बरं.

खरा प्रश्न वनस्पतीतलं कामाचं काही साबणात उतरतं का, हा आहे. हळदच घ्या. तिचा पिवळेपणा कर्क्युमिनचा, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात किंवा अल्कोहोलमध्ये उतरतं. म्हणजे हळद उकळून ते पाणी साबणात ओतणं बरंचसं फुकट. बरं तेलात उतरवली तरी पुढे गाठ कॉस्टिकशी, हळदीत चुना घातल्यावर जे होतं तेच होतं, सगळं मिश्रण लालसर तपकिरी, आणि क्षारात कर्क्युमिन फार टिकत नाही. चांगला मुरलेला साबणही पीएच ९-१० च्या आसपासच, म्हणजे क्षारीयच, असतो. त्यात आपण तो अंगावर ठेवतो किती, मिनिटभर!

तेलात उतरवायचंच तर आपल्याकडे तेल सिद्ध करायची पद्धत आहेच की. कल्क (वनस्पती वाटून केलेला गोळा) १ भाग, तेल ४ भाग, काढा १६ भाग, मंद आचेवर पाणी आटेपर्यंत. शेवटी तळाचा कल्क चिमटीत घेऊन वळायचा, नीट वात झाली पाहिजे, आणि ती विस्तवावर धरली की तडतडता कामा नये. तडतडली तर पाणी राहिलंय, आणि असं तेल लवकर खवट होतं. ओला पाला नुसताच तेलात बुडवून ठेवणाऱ्यांची बाटली म्हणूनच वास मारते. असं नीट केलेलं तेल हॉट प्रोसेसमध्ये, म्हणजे आचेवर साबण शिजवायच्या पद्धतीत, साबण पूर्ण शिजल्यावर, शेवटी घालावं, म्हणजे कॉस्टिक आधीच संपलेला असतो आणि निदान थोडं तरी वाचतं. सुरुवातीलाच घातलं तर बाकीच्या तेलासारखा त्याचाही साबणच होणार. रंगासाठी म्हणाल तर रतनजोतीची मुळी मस्त, तेलात लालभडक आणि कॉस्टिक पडला की निळसर जांभळी, पण तो रंग झाला, औषध नाही.

रिठ्याचं मात्र वेगळं आहे. त्यातलं सॅपोनिन पाण्यातच उतरतं आणि फेसही तेच करतं, कॉस्टिक लागतच नाही. बिया काढून टरफलं रात्री भिजवा, सकाळी उकळून चोळा, गाळा, झालं. फक्त टिकत नाही, फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावं लागतं, म्हणून ते टेबलावर विकायला कुणी मांडत नाही. खरोखर बिनकॉस्टिकचं हवं असेल तर मंडईजवळ काष्ठौषधीच्या दुकानात रिठे, शिकेकाई दोन्ही मिळतात.

माझं म्हणणं एवढंच की विकणाऱ्यांनी लेबलवर कॉस्टिक सोडा लिहावा, वनस्पती कशात उतरवली आणि कधी घातली तेही लिहावं, आणि घेणाऱ्यांनी हे विचारावं, उत्तर आलं नाही तर पुढच्या टेबलाकडे जावं. पेपरवाल्यांनाही एक विनंती, पुरवणीत 'घरच्या घरी साबण' छापता तेव्हा कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, आणि हातमोजे-चष्मा हवाच, हे साहित्याच्या यादीच्याही वर ठळक टाइपात छापा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे