गृहमंत्री साहेब, माझी आई ‘बाई’ की ‘बाय’?

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : खुल्या कारागृहातील मुलाखतीचे (म्हणजे घरच्यांच्या भेटीचे) नियम (आणि ओघात येईल ते सगळं)

महोदय,
स. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहिणार होते. पण गेल्या गुरुवारपासून मला थोडक्यात काही सुचत नाही.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. 2013 साली बांधाच्या भांडणात माझ्या थोरल्या भावाच्या हातून एक माणूस गेला. आम्ही ते कधीच नाकारलं नाही. त्या घरातली बाई आजही बाजारात समोर आली तर माझी मान खाली जाते. दादाला जन्मठेप झाली. दहा वर्षं मध्यवर्ती कारागृहात काढली, वागणूक चांगली म्हणून दोन वर्षांपूर्वी खुल्या कारागृहात पाठवलं. तिथं उंच भिंत नाही. तारेचं कुंपण आहे, तेही दोन ठिकाणी गुरांनी वाकवलेलं. दादा पहाटे गोठ्यात असतो, नंतर शेतावर. एक शिपाई, वीस-पंचवीस बंदी म्हणजे कैदी, आणि मध्ये डोक्याएवढा ऊस. पळायचं म्हटलं तर अवघड काय आहे? तरी कुणी पळत नाही. सरकारचा माझ्या भावावर एवढा विश्वास आहे, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

सरकारचा विश्वास नाही तो माझ्या आईवर.

आई 78 वर्षांची आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे गेलेले. भाऊबीजेच्या सुट्ट्यांत मुलाखत बंद, म्हणून सुट्ट्या संपल्यावरचा गुरुवार धरला. आधी कारागृहाच्या कार्यालयात फोन केला. नाव जुळत नसल्याची अडचण मागच्या खेपेला निघाली होती, ती सांगितली. पलीकडचे साहेब म्हणाले, “आणा आजींना, बघू, करून घेऊ.” त्या ‘करून घेऊ’वर आम्ही पहाटे पावणेसहाची एसटी पकडली. सात तास. आईनं रात्रीच धपाटे आणि तिळाची चटणी करून बांधून घेतली होती. बाहेरचं खाणं आत घेत नाहीत हे तिला बारा वर्षं माहीत आहे, तरी ती दर वेळी करते. मीही आता बोलायचं सोडलंय.

गेटवर काय झालं ते सांगते. मुलाखतीच्या नोंदवहीत आईच्या नावापुढं ‘बाई’ आहे. आधार कार्डावर ‘बाय’ आहे. आधार काढणाऱ्या पोरानं आमच्या बोलीत जसं ऐकलं तसं टाईप केलं, त्याची काय चूक? याच कार्डावर आईनं मध्यवर्ती कारागृहात दहा वर्षं लेकाला पाहिलं. याच कार्डावर खुल्यातही वर्षभर पाहिलं. आता म्हणे नवीन सिस्टीम आली आहे आणि सिस्टीम ‘बाय’ घेत नाही. गेटवरचा शिपाई माझ्या मुलाच्या वयाचा होता. तोही ओशाळला होता, हे खोटं कशाला बोलू. म्हणाला, “ताई, तुमचं जुळतंय, तुम्ही जा. आजींना इथं बसवतो.”

आता गंमत बघा. तेच आधार कार्ड सकाळी कंडक्टरनं पाहिलं होतं. पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट, ही आपल्याच सरकारची 2022 ची योजना. मला बाई म्हणून 2023 पासून अर्धं तिकीट. कंडक्टरनं कार्ड पाहिलं, आईला पाहिलं, शून्याचं तिकीट फाडलं आणि वर खिडकीची जागा दिली. म्हणजे एका खात्याला ही म्हातारी पटली आणि त्यानं हिला फुकटात लेकाच्या दारापर्यंत आणून सोडलं. दुसऱ्या खात्याला तीच म्हातारी तोतया वाटली. दोन्ही खाती एकाच मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती बसतात ना साहेब? मधल्या चहाला कधी बोलत नाहीत का?

मी एकटी आत गेले. जायला नको होतं असं आता वाटतं. पण दोघीही न भेटता परतलो असतो तर दादाच्या जिवाला घोर लागला असता. खाली बसायच्या आधीच त्यानं विचारलं, “आई कुठंय?” मी म्हटलं, “गुडघे फार दुखत होते, आणली नाही.” सव्वाशे फुटांवर लिंबाखाली बसली होती ती. मी खोटं बोलले. माझा भाऊ खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगतोय आणि त्याच्यापुढं खोटं बोलायची वेळ सरकारनं माझ्यावर आणली. ओवाळायचं ताट आत नेता येत नाही, कुंकू मी पर्समधून नेलं होतं. वीस मिनिटं झाली, उठायला सांगितलं.

बाहेर आले तर आई कुंपणाला धरून उभी. लांब गोठ्याकडं पांढऱ्या कपड्यातले तिघं-चौघं चालले होते. तिनं विचारलं, “त्यातला कोणता गं?” मी एकाकडं बोट दाखवलं. तो दादा होता की नाही, मलाही दिसत नव्हतं.

आणि जाता जाता आणखी एक. कारागृहाच्या रस्त्याला त्यांचा भाजीचा ठेला आहे. शेतातली ताजी भाजी, विकायला बंदीच बसतात. गावातलं कुणीही येतं, पाच मिनिटं घासाघीस करतं, “पाऊस कसा झाला” विचारतं, पिशवी भरून जातं. कुणाचं आधार नाही, नोंदवही नाही, अंगठा नाही. दादाची पाळी रविवारी असते. आईला ते सांगितलं तर म्हणाली, “मग मी रविवारीच येते, गिऱ्हाईक म्हणून.” साहेब, ती चेष्टा करत नव्हती.

आता ‘दुरुस्ती करून आणा’ याचा अर्थ ऐका. नोंदवही दुरुस्त करायची तर अर्ज मूळ मध्यवर्ती कारागृहात, कारण नातेवाइकांची यादी तिथून आली. तिथं म्हणतात, बंदी आता आमच्याकडं नाही. आधार दुरुस्त करायचं तर तालुक्याचं केंद्र. तिथं आईचा अंगठा उठत नाही. साठ वर्षं खुरपं आणि कोयता धरलेल्या हातावर रेषा कुठून राहणार? रेशन दुकानातही तीच रड. बरं, व्हिडिओवरची ई-मुलाकात आहे ना, असं आपले अधिकारी सांगतील. आहे. पण आईच्या आधारला जो मोबाइल नंबर जोडला होता तो दादाचा. तो मोबाइल 2013 पासून मुद्देमालात जमा आहे, आणि नंबर आता कुणाच्या खिशात वाजतो देव जाणे. ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातो. उद्या त्यालाच माझ्या भावाची मुलाखत द्या.

फॉर्म भरणं हे माझं रोजचं काम आहे. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर गावच्या लेकरांची वजनं, उंच्या, आधार, सगळं मीच भरते. मला जमत नाही, तर ज्या बायांना अक्षर येत नाही त्या काय करत असतील? त्या दिवशी गेटवर आणखी दोघी परत गेल्या. एकीच्या कडेवर पोर होतं.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. बारा वर्षांत आईच्या दीडशे फेऱ्या तरी झाल्या असतील. घरी हे म्हणाले, इतक्या नाहीत, करोनात दोन वर्षं सगळं बंदच होतं. बरं, शंभर धरा. शंभर वेळा वीस मिनिटं म्हणजे दोन हजार मिनिटं, म्हणजे 33 तास 20 मिनिटं. बारा वर्षांत माझ्या आईला तिचा लेक दीड दिवससुद्धा मिळाला नाही. आणि तेवढ्यासाठी जाऊन-येऊन चौदा तास धरले तर 1400 तास ती एसटीत बसली. अठ्ठावन्न दिवस. मानधन कापलं गेलं ते, रिक्षावाल्यांनी कारागृहाचं नाव ऐकून जास्तीचे मागितले ते, स्टँडवरच्या रात्री, हे मी मोजतच नाही.

वडील गेले तेव्हाचं तर काढूच नये. पण आलंच आहे तर सांगते. तातडीच्या पॅरोलसाठी मृत्यूचा दाखला, पोलीस ठाण्याची खात्री, जामीनदार, हे सगळं करेपर्यंत बुधवारचा शुक्रवार झाला. दादा पोहोचला तो राख सावडायला. आजही कैद्यांच्या रजेच्या 1959 च्या नियमांचं नाव निघालं की माझ्या डोळ्यापुढं तो स्टँडवरून पळत येणारा दादा येतो. फर्लोला संचित रजा, पॅरोलला अभिवचन रजा. नावं किती गोड ठेवली आहेत बघा.

माझा मुलगा बी.ए. करतो. त्यानं शोधून सांगितलं की 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फ्रान्सिस कोरली मुलिन या खटल्यात काय म्हटलं. ती परदेशी बाई दिल्लीत तिहारमध्ये स्थानबद्ध होती. तिची पाच वर्षांची मुलगी आणि बहीण यांना महिन्यातून एकदाच भेटू देत. न्यायालय म्हणालं, जगण्याचा हक्क म्हणजे नुसतं जनावरासारखं जिवंत राहणं नव्हे, आपल्या माणसांना भेटणं त्यातच येतं. एका परक्या देशातल्या बाईला आपल्या देशानं चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे दिलं, ते आमच्या आईला ‘य’ आणि ‘ई’च्या भांडणात मिळेना.

तो आणखी सांगत होता की जयपूरजवळ सांगानेरला 1963 पासून खुलं शिबिर आहे. तिथं बंदी बायकापोरांसह राहतात, सकाळी कामाला बाहेर जातात, संध्याकाळी हजेरीला परत येतात. मुलाखतीचा प्रश्नच नाही, माणूस घरातच असतो. राजस्थान लांब पडत असेल तर आपलं आटपाडी बघा. औंधच्या राजानं 1939 मध्ये तिथं स्वतंत्रपूर वसवलं. जन्मठेपेची माणसं, कुटुंबासह, शेती करून राहायची. एका संस्थानिकाला, तेही इंग्रजांच्या राज्यात, जे सुचलं आणि जमलं, ते लोकशाहीत एवढी संगणकं बसवूनही आम्हाला जमेना? आपल्या राज्यात म्हणे एकोणीस खुली कारागृहं आहेत. आकडा चांगला आहे. दार किती ठिकाणी उघडं आहे तेही कधीतरी मोजा.

मधे पेपरात ‘गळाभेट’चे फोटो आले होते. गजाआडून नाही, बापाच्या मांडीवर बसून लेकरं भेटली. चांगलं केलंत, मनापासून म्हणते. पण ती लहान लेकरांसाठी. माझ्या आईचं लेकरू पन्नास वर्षांचं आहे, ते कोणत्या योजनेत बसतं? योजनेचं नाव काढा, फलक लावा, हवा तर आपला फोटोही लावा, आमची हरकत नाही.

मोठ्या माणसाला अटक झाली की पहिल्या रात्रीच त्याच्या छातीत कळ येते. मग दवाखाना, वातानुकूलित खोली, गाड्यांची रांग. त्या रांगेतल्या कुणाच्या नावाची वेलांटी कधी अडली का? केंद्र सरकारच्याच 2022 च्या आकड्यांत देशातल्या तुरुंगांतले चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबितच नाही. त्यांच्याही आया कुठल्या तरी लिंबाखाली बसलेल्या असणार. 2023 मध्ये केंद्रानं इंग्रजांचा 1894 चा तुरुंग कायदा बाजूला सारायला नवा नमुना कायदा केला. त्यात आता नुसता तुरुंग नाही, ‘सुधारसेवा’ आहे. पाटी रंगवणाऱ्याला काम मिळालं. सुधारायचं कुणी? दादा सुधारला, त्याचे कागद आहेत. आणि कृपा करून दिल्लीकडं बोट दाखवू नका. तुरुंग हा राज्याचा विषय आहे, हे मुलाच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापलंय.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. फार नाहीत. जी बाई वर्षानुवर्षं येते आहे, जिला गेटवरचे शिपाई ‘आजी’ म्हणून ओळखतात, तिला एका अक्षरासाठी परत पाठवू नका. अधीक्षकांना समोर माणूस बघून ठरवायचा अधिकार द्या, आणि तो असेल तर वापरायला सांगा. नोंदवहीची दुरुस्ती बंदी जिथं आहे तिथंच करा. सत्तरीपुढच्यांना अंगठ्याची सक्ती नको. बाहेर बसायला एक शेड आणि पिण्याचं पाणी. खुल्या कारागृहात तरी वीस मिनिटांचा तास करा. हे मी आपल्या कार्यालयाला मार्चमध्येही कळवलं होतं. उत्तर आलं, “आपले पत्र उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे अग्रेषित करण्यात येत आहे.” संबंधित कोण, ते कळलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणं संबंधित आम्ही आहोत.

येत्या गुरुवारी पावणेसहाच्या गाडीनं आम्ही पुन्हा निघतोय. मी नको म्हटलं तरी आई येणारच, तिनं तीळ निवडून ठेवलेत. दुपारी एकपर्यंत गेटवर पोहोचू. तिनं ‘बाई’ म्हणून यायचं की ‘बाय’ म्हणून, तेवढं बुधवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल.

आपली,
एका बंदीची बहीण