रडारला अंतर कळतं, दिशेचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दसरा पुरवणीत नव्या मोटारींविषयी आलेला लेख वाचला. गाडीच्या पुढच्या जाळीमागचं रडार दोन-अडीचशे मीटरवरचं वाहन हेरतं, याचं त्यात भरभरून कौतुक आहे. कौतुकाला हरकत नाही, पण ते भलत्याच गोष्टीचं झालं आहे. अंतर मोजणं हे रडारचं सगळ्यात सोपं काम. खरी कसोटी लागते ती वस्तू नेमकी कुठल्या दिशेला आहे हे सांगताना, आणि तिथं साधं रडार अजून बरंच कच्चं आहे. शोरूममध्ये विचारायचा प्रश्न हा. तो कुणी विचारत नाही, आणि विचारलाच तर विकणाऱ्याला उत्तर ठाऊक नसतं.

थोडं तांत्रिक लिहितो, सांभाळून घ्या. जन्मभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवल्याची खोड जात नाही. मोटारीचं रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. (त्यातला ७६-७७ चा तुकडा आपल्याकडे २०१५ साली परवानामुक्त झाला.) लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. वारंवारता झपाट्यानं चढवत नेलेला सिग्नल सोडायचा आणि परत आलेला त्याच्याशी ताडून पाहायचा, की अंतर निघतं. १ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरला तर एकामागे एक असलेल्या वस्तू १५ सेंटिमीटरच्या फरकानंही वेगळ्या काढता येतात. वेग तर डॉप्लरच्या कृपेनं (हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते, त्यावरून) आयताच मिळतो.

दिशेचं तसं नाही. ती ठरते अँटेना किती आणि त्या किती रुंदीत मांडल्या आहेत यावर. नेहमीच्या चिपवर ३ अँटेना सिग्नल सोडतात आणि ४ तो झेलतात. त्यांच्या जोड्या लावून १२ आभासी अँटेना मिळतात. एवढ्या भांडवलावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसायला त्यांच्यात साधारण साडेनऊ अंशांचा कोन लागतो. ८० मीटरवर साडेनऊ अंश म्हणजे १३ मीटर. आपली लेन असते साडेतीन मीटरची, म्हणजे जवळपास चार लेनमधलं सगळं एकात एक. वस्तू एकटी असेल तर तिची दिशा याहून पुष्कळ अचूक निघते, हे खरं. पण इंदूरच्या रस्त्यावर कुठली वस्तू एकटी असते? बायपासवर ट्रक चाललेला असतो आणि त्याला खेटून एका दुचाकीवर तिघं. अंतर तेच, वेगही तोच, आणि ट्रकच्या पत्र्यावरून परतणारा सिग्नल माणसाच्या मानानं शेकडो पट जोरदार. दुचाकी त्यात बुडून जाते.

त्याहून बिकट प्रकरण उभ्या ट्रॉलीचं. सोयाबीनच्या हंगामात छावनी मंडीकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आपण सगळेच पाहतो. एखादीचं चाक बसलं की ती रात्रभर रस्त्यातच. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, फार तर चार दगड आणि झाडाची एक फांदी. रडारला ती दिसत नाही असं नाही. पण चालत्या गाडीतल्या रडारला समोरची प्रत्येक उभी वस्तू गाडीच्याच वेगानं अंगावर येताना दिसते: ट्रॉली, डोक्यावरची पाटी लावलेली कमान, ओव्हरब्रिज, चेंबरचं लोखंडी झाकणसुद्धा. उंची मोजता येत नसेल तर कमान कुठली आणि ट्रॉली कुठली, हे ठरवायचं कसं? रडारच्या सांगण्यावरून दर कमानीखाली आपोआप ब्रेक लागले तर मागचा येऊन आदळेल. म्हणून जुन्या पद्धतीच्या रडारचं सॉफ्टवेअर उभ्या वस्तूंकडे सरळ काणाडोळा करतं. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत हे छापलेलंही असतं, की थांबलेल्या वाहनासाठी यंत्रणा काम करेलच असं नाही. टाइप अर्थात बारीक. कॅमेरा जोडीला असतो आणि दिशा तो चांगली सांगतो. पण समोरून अप्पर (प्रखर दिवे) मारत येणारा ट्रक किंवा जानेवारीतलं धुकं असलं की त्याची गत आपल्या डोळ्यांसारखीच.

उपाय आहेत. एक नुसता पैशाचा: चार चिपा जोडून १२ गुणिले १६, म्हणजे १९२ आभासी अँटेना करायच्या. मग आडवा कोन एक-दीड अंशापर्यंत उतरतो, आणि काही अँटेना खाली-वर मांडल्या की उंचीही कळते. दुसरा डोक्याचा, आणि मला तो जास्त आवडतो. गाडी चालत असते, त्यामुळे नाकासमोरची उभी वस्तू पूर्ण वेगानं जवळ येते, तर बाजूचा खांब त्याहून कमी वेगानं. हा फरक कोनाच्या कोसाइनवर ठरतो. तेव्हा वेग मोजा, कोन मिळवा. जादा अँटेना नकोच. मेख एवढीच की कोसाइनचा आलेख शून्यापाशी जवळजवळ सपाट असतो, म्हणजे ऐन नाकासमोर ही युक्ती लंगडी पडते. आणि ट्रॉली तिथंच उभी असते! म्हणून पैशाच्या उपायाला पर्याय नाही, आणि कंपन्या काटकसर नेमकी तिथंच करतात.

आता आपल्या दारातली गोष्ट. पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचण्यांचं केंद्र आहे. २०२१ साली तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान धावपथ सुरू झाला तेव्हा इंदूरकरांनी कॉलर ताठ केली, ते ठीकच. पण वेगाचे आकडे ऐकून आपल्याला काय करायचं? युरोपातल्या चाचण्यांत मऊ बनावटीची खोटी मोटार, सायकलस्वाराचे नि पादचाऱ्याचे पुतळे गाडीसमोर आणतात. बिनदिव्याची ट्रॉली आणि ट्रकला खेटलेली दुचाकी हे आपलं दुखणं, त्याची चाचणी आपणच ठरवायची. ट्रकच्या शेजारी दुचाकी किती मीटरवर वेगळी दिसली, कमानीखालची ट्रॉली ओळखली की नाही, एवढं प्रत्येक मॉडेलमागे जाहीर व्हावं. ट्रक-बसना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा केंद्रानं २०२५ मध्ये काढला आहे. अवजड गाडीचा ब्रेक चुकीच्या लेनमधल्या वाहनासाठी लागला तर काय होईल, याचा विचार सक्तीच्या आधी व्हायला हवा.

आणि एवढं सगळं करून रडार नीट बनलं, तरी ते वाकडं बसवलं तर मुसळ केरात. १ अंशाची चूक १०० मीटरवर पावणेदोन मीटर होते, म्हणजे अर्धी लेन. बंपरच्या आगेमागे आपण काय काय करतो ते पाहा. लोखंडी बंपर गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं. तरी ते सर्रास बसवले जातात, थेट रडारच्या तोंडावर. दसऱ्याला झेंडूचा हार जाळीवरून जातो. लिंबू-मिरचीबद्दल मी बोलत नाही, घरात वाद होतो. पण लिंबात पाणी असतं आणि या लहरींना पाणी चालत नाही, एवढं नमूद करून ठेवतो.

माझ्या भाच्याच्या गाडीचा पुढचा, रडार झाकणारा बंपर कुठल्या रिक्षानं नव्हे, तर सोसायटीच्या फाटकानं फुटला. वर्कशॉपनं तो पुट्टी भरून, मेटॅलिक रंग मारून नवाकोरा करून दिला. लहर ४ मिलिमीटरची, पुट्टीचा थर एक-दोन मिलिमीटरचा, रंगात अॅल्युमिनियमचा चुरा. सिग्नल सरळ जाईल कसा? त्यानंतर एबी रोडवर शेजारच्या लेनमधल्या बसला पाहून गाडी आपोआप वेग उतरवू लागली. खरं तर अशा कामानंतर गाडीसमोर ठरलेल्या जागी तीन पत्र्यांचा धातूचा कोपरा ठेवून रडारची दिशा जुळवून घ्यायची असते. १० सेंटिमीटर बाजूचा तो कोपरा रडारला अख्ख्या मोटारीएवढा ठळक दिसतो, त्यामुळे काम फार मोठं नाही. बिलात मात्र त्याचा उल्लेखच नव्हता. विम्यात बंपरचे पैसे मिळतात तसे या जुळवणीचेही मिळावेत, आणि ती झाल्याचा कागद बिलाला जोडणं वर्कशॉपवर बंधनकारक असावं. भाच्यानं तो कागद मागितला तेव्हा काउंटरवरच्या मुलानं आत जाऊन विचारलं आणि फुकट वॉशिंगचं कूपन आणून दिलं.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक निवृत्त प्राध्यापक
सुदामानगर, इंदूर