ब्रह्मगिरी फेरीला निघताना
महोदय,
श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी होते. कुशावर्त कुंडात स्नान करून निघायचे, प्रयागतीर्थ, पहिने असे करत डोंगर उजव्या हाताला ठेवून परत गावात. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, हरिहर डोंगराची मोठी फेरी तिच्या दुप्पट.

माणसे घसरतात ती बहुधा उतारावर. हजारो पावलांनी मळलेला चिखल लोण्यासारखा होतो, शेवाळलेल्या कातळावर रबरी चपलेचा अंगठा तुटतो. खाचांच्या तळव्याचे बूट, हातात काठी आणि रात्री निघणाऱ्यांकडे बॅटरी हवीच. छत्री नको, वाऱ्याने उलटते. घोंगडी किंवा रेनकोट बरा. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कृपया परत आणा, गोदामाई याच डोंगरावर उगम पावते.

– एक वाचक, नाशिक